‘बाई, झाला!’ आणि टेबलाभोवतीची गर्दी

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाई मूळच्या लातूर जिल्ह्यातल्या. नेमणूक देवगड तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेवर. हे तिसरं वर्ष. सहावी-सातवीचा जोडवर्ग, पट १९. त्या म्हणतात, वर्ग हातात राहत नाही. एकाने आवाज केला की सगळे सुरू होतात. सातवीतला एक मुलगा पहिले दोन तास डोकं खाली घालून झोपतो, जागा झाला की वर्ग डोक्यावर घेतो, बाईंना ‘तू’ म्हणतो आणि त्यांच्या बोलण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवतो. मुख्याध्यापक नुसते व्हरांड्यातून गेले तरी चिडीचूप होते. पालकांना सांगावं तर उत्तर ठरलेलं : ‘ऐकणा नाय तर घाला दोन, आमचा काय्येक म्हणणा नाय.’ गेल्या महिन्यात बाईंचा तोल गेला आणि त्यांनी त्या मुलाच्या हातावर लाकडी पट्टी मारली. तेव्हापासून झोप नाही. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सरांसारखा धाक बसवायला शिकावं का? की आपण या कामाच्या नाहीच असं समजून आंतरजिल्हा बदलीच्या मागे लागावं?

बाई,

पट्टीपासून सुरुवात करते. चार पानांच्या पत्रात ती शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, घाईघाईने येऊन गेली आहे. मला वाटतं, पत्र तिच्यासाठीच लिहिलंय.

कायदा तुम्हाला माहीत आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला, दोन्हींना बंदी घालतं. पालक ‘घाला दोन’ म्हणाले म्हणून ते कलम बाजूला होत नाही. उठाबशा, अंगठे धरून उभं करणं, ‘तुझ्या बापाने तरी कधी शाळा पाहिली का’ हे वाक्य, सगळं त्यातच येतं. आणि आज घाला म्हणणारा बापूस उद्या पोराच्या हातावर वळ पाहून त्याच पायाने पंचायत समितीत गेला, तर त्याचं काहीही चुकलेलं नसेल.

पण तुमची झोप कायद्याने उडालेली नाही, हे तुम्हालाही कळतंय. म्हणून आधी त्या मुलाशी बोला. एकट्याला गाठा, व्हरांड्यात किंवा नळापाशी, आणि सांगा, ‘त्या दिवशी मी तुला मारलं ते चुकलं. पुन्हा मारणार नाही.’ तिथेच थांबा. पुढे तोंडात ‘पण तूही...’ येईल, तो गिळून टाका. मार सगळ्यांसमोर बसला होता, तेव्हा नंतर वर्गातही हेच एका वाक्यात सांगून टाका आणि लगेच फळ्याकडे वळा. तो गळ्यात पडणार नाही. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत ‘हं’ म्हणेल, फार तर. आणि आठवड्याच्या आत बाई खरंच मारत नाहीत का, याची परीक्षा घेईल. ती येणारच असं धरून चाला, म्हणजे आली की धक्का बसणार नाही.

आता धाक. सर व्हरांड्यातून जातात तेव्हा वर्ग गप्प होतो, हे तुम्ही लिहिलंत. पुढच्याच ओळीत लिहिलंत की ते वळले की दुप्पट कलकलाट होतो. या दोन ओळी शेजारी ठेवून पुन्हा वाचा. ती शांतता सर घेऊन येतात आणि सर घेऊन जातात. त्या दोन मिनिटांत कुणाचं गणित सुटलं? मी स्वतः पहिली पाच-सहा वर्षं आवाजाच्या जोरावर वर्ग चालवला. ‘बाईंच्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू येते’ अशी ख्याती होती माझी. एकदा केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, आले, त्यांनी साधा प्रश्न विचारला, आणि एकाही मुलाने तोंड उघडलं नाही. उत्तर येत होतं सगळ्यांना. तोंड उघडायची सवयच मी मोडली होती.

अमेरिकेत जेकब कूनिन नावाच्या संशोधकाने वर्गांचं चित्रीकरण करून नेमका तुमचाच प्रश्न धसाला लावायचा प्रयत्न केला. त्याचे निष्कर्ष १९७० साली छापून आले. त्याचा अंदाज असा की ज्यांचा वर्ग नीट चालतो ते शिक्षक, मूल चुकलं की त्याला काही तरी वेगळ्या तऱ्हेने हटकत असतील. चित्रफिती पाहिल्या तर तिथे म्हणण्यासारखा फरकच सापडेना. फरक सापडला तो मूल चुकायच्या आधी. चांगल्या चाललेल्या वर्गातल्या शिक्षकाला पाठीला डोळे असल्यासारखं कुठे काय चाललंय ते कळत होतं, दोन गोष्टी एकदम सांभाळता येत होत्या, आणि एक काम संपवून दुसरं सुरू करताना मध्ये भोक पडत नव्हतं. मोठ्याने रागावण्याचा परिणामही त्याने पाहिला होता : लहान मुलांच्या वर्गात एकावर खेकसलं की काही न केलेली आजूबाजूची मुलंच आधी बिथरतात.

तर भोक. जाळी विणणाऱ्या गावात राहता तुम्ही, भोकाचं महत्त्व मी काय सांगावं.

तीन दिवस एक करा. हजेरीच्या मागे एक कोरा कागद ठेवा आणि वर्ग हाताबाहेर गेला असं वाटलं की फक्त घड्याळातली वेळ लिहा. कोणी केलं ते लिहू नका, ते तुम्हाला पाठ आहे. त्या क्षणी तुम्ही स्वतः काय करत होतात, ते दोन शब्दांत लिहा. माझी पैज आहे की परिपाठ संपवून मुलं आत येतात तेव्हा, सहावी सोडून सातवीकडे वळता तेव्हा, खिचडीनंतरची दहा मिनिटं आणि वह्या तपासण्याची वेळ, यांच्यातच तीन-चतुर्थांश नोंदी सापडतील. ज्या दिवशी केंद्रशाळेला माहिती पाठवायची असते आणि तुम्ही फोनवर आकडे भरत बसता, त्या दिवशी सबंध तासच भोक असतो. तो मात्र तुमचा दोष नाही.

वह्या तपासण्याचं चित्र मला न बघताही दिसतं. पहिल्याचं गणित सुटतं. ‘बाई, झाला!’ करत तो वही घेऊन टेबलाशी येतो. त्याच्या मागे दुसरा. पाच मिनिटांत टेबलाभोवती नऊ मुलं, प्रत्येकाची वही तुमच्या नाकाखाली, मागच्याचं कोपर पुढच्याच्या बरगडीत. कोणाचं तरी पेन खाली पडतं, कोणी तरी त्यावर पाय देतं आणि झाली सुरू मारामारी. तुम्ही मान वर करून ओरडता. आता सांगा, ही मस्ती आहे की नुसती गर्दी? हीच माणसं एसटीच्या दारात असती तर आपण त्यांना बेशिस्त म्हटलं नसतं, गाडी उशिरा आली म्हटलं असतं.

तेव्हा मुलांनी टेबलाकडे यायचंच नाही. तुम्ही फिरा. मी एक युक्ती बरीच वर्षं वापरली : प्रत्येकाकडे एक शिंपलं. काम चालू असताना पालथं, झालं की वहीवर उताणं. आवाज नाही, रांग नाही, आणि मला दारातूनच दिसायचं कोणाचं अडलंय. किनाऱ्यावरच्या गावात शिंपल्यांना पैसे पडत नाहीत. तुमच्या गावात पाच मिनिटांत १९ जमतील, हरवली तर आणखी १९. शिवाय ज्याचं झालं त्याने पुढे काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखा आणि सकाळीच त्यात दोन कामं लिहून ठेवा. ‘झालं, आता काय?’ हा प्रश्न दिवसात चाळीस वेळा ऐकू येणं म्हणजे अर्धा कलकलाट.

जोडवर्गाला तर याला पर्यायच नाही. सहावीला शिकवायला उभं राहण्याआधी सातवीच्या हातात काम पडलेलं असलंच पाहिजे, आणि ते असं हवं की पहिली दहा मिनिटं कुणाला विचारावं लागू नये. काल शिकवलेल्याचा सराव द्या, नवीन काही देऊ नका. नवीन दिलं की ‘बाई, माका येणा नाय’ सुरू होतं आणि सहावीही हातची जाते. एका जागेवरून शिकवू नका. सहावीशी बोलत असताना सातवीच्या बाकांच्या मधून चालत राहा. बोलणं एकाशी, चालणं दुसऱ्यांत. पाठीचे डोळे म्हणतात ते हेच, त्याला कसली सिद्धी लागत नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगावं लागतं. तुमच्या शाळेवर पत्रे आहेत असं तुम्ही लिहिलंय. आषाढात एकदा सर लागली की त्या आवाजापुढे कुणाचाच गळा टिकत नाही, आणि आपण ओरडलो की मुलंही ओरडतात, कारण त्यांनाही एकमेकांचं ऐकू येत नसतं. सर लागली की बोलणं बंद, खडू सुरू, असा नियमच करा. फळ्यावर वाक्य लिहायचं, मुलांनी उत्तर पाटीवर लिहून वर धरायचं. हाताच्या चार खुणा ठरवून घ्या : थांबा, वाचा, जोडीत, इकडे बघा. याच खुणा पुढे ऑक्टोबरच्या उकाड्यातही चालतात, कारण तोपर्यंत डोळ्यांना सवय झालेली असते. माझा घसा बसायचा थांबला तो असा.

आता तो मुलगा.

तुम्ही त्याच्याबद्दल दीड पान लिहिलंय. त्यात तो काय काय करतो ते सगळं आहे, पण तो पहाटे कुठे असतो ते नाही. किनाऱ्यावरच्या गावात सातवीतला पोरगा सकाळी अकरा वाजता झोपतो, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा : उठतोस कितीला? पावसाळा सरून रापणी, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायची मोठी जाळी, सुरू झाल्या की दोराला हात लावायला पोरं धावतात. ज्याने दोर ओढला त्याला मूठभर का होईना, मासळी मिळते. घरी नेली की आवशीच्या, आईच्या, तोंडावर हसू येतं. शाळेत त्याला काय मिळतं? तुमचा मुलगा रापणीला जातो असं मी म्हणत नाही. कदाचित रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघत असेल, कदाचित घरात दारूवरून भांडणं होत असतील आणि कोणालाच झोप मिळत नसेल. तीन कारणांवरचे उपाय तीन वेगळे आहेत, आणि विचारल्याशिवाय त्यातलं कोणतं ते कळणार नाही. पहाटेचं काम असेल तर बापसाशी बोलून ते शनिवार-रविवारवर आणता येईल का बघा. तोवर पहिल्या तासाला त्याला वीस मिनिटं डोकं ठेवू द्यायला माझी हरकत नाही. हे वाचून काही मुख्याध्यापक माझ्यावर चिडतील. चिडोत. घरात मारहाण किंवा त्याहून वाईट काही आहे असा संशय आला, तर एकट्याने धाडस करायला जाऊ नका. मुख्याध्यापकांना सांगा, १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक त्यासाठीच आहे. आणि आरोग्य तपासणीचं पथक शाळेत येतं तेव्हा त्याचे डोळे आणि कान नीट बघायला सांगा. मागच्या बाकावरून फळा दिसत नाही हे मुलं कधीच सांगत नाहीत. त्यापेक्षा मस्ती करणं सोपं असतं.

याच्याशी मिळतीजुळती माझी एक फजिती सांगते. माझ्या वर्गात एक पोरगा होता, गणिताच्या तासालाच हमखास काही तरी करायचा. शेजारच्याची टोपी फेक, बाकावर ताल धर. मी त्याला बाहेर काढायची. रोज. बाहेर म्हणजे व्हरांड्यात, आणि आमच्या व्हरांड्यातून खाडीचं तोंड दिसायचं. फेब्रुवारीत कधी तरी मी बाहेर डोकावले तर साहेब खांबाला टेकून, पाय सोडून, होड्या बघत बसलेले. चेहऱ्यावर इतकं समाधान की माझ्याच लक्षात आलं, वर्षभर मी याला शिक्षा करत नव्हते, बक्षीस देत होते. त्याला भागाकार येत नव्हता. टोपी फेकली की भागाकार टळत होता आणि वर समुद्र मिळत होता. कोणीही टोपी फेकली असती. मग त्याला तिसरीच्या भागाकारापासून, बाकीचे खेळायला गेल्यावर, रोज दहा मिनिटं शिकवायला बसले. तो काही हुशार वगैरे झाला नाही, पण टोप्या जागेवर राहिल्या.

म्हणून तुमच्या मुलाची मस्ती कोणत्या कामाच्या तोंडावर सुरू होते तेही त्या कागदावर लिहा. आणि ती झाली की त्याला काय मिळतं? मला दिसतंय ते असं : दिवसभरात तुम्ही त्याच्याकडे बघता ते फक्त त्याने काही केलं की. झोपतो तेव्हा तुम्हाला हायसं वाटतं, तुम्ही त्याला तसाच राहू देता. म्हणजे त्याने तुमचं लक्ष मिळवण्याचा एकच रस्ता तुम्ही उघडा ठेवलाय.

नक्कल आणि ‘तू’बद्दल जरा सबुरीने घ्या. घाटावरून आलेल्या किती तरी शिक्षकांना या ‘तू’ने घायाळ केलेलं मी पाहिलंय. मालवणी घरात आवस ‘तू’, आजी ‘तू’, देवाला गाऱ्हाणं घालतात तेही एकेरीतच. ‘बाई, तू काल खय होतंस?’ या वाक्यात बहुतेक वेळा अपमान नसतो, चौकशी असते. तुमचा मुलगा सातवीतला, त्याला ‘तुम्ही’ येतं हे खरं. तो सरांना काय म्हणतो ते ऐका. सरांना ‘तुम्ही’ आणि तुम्हाला ‘तू’ असेल, तर दोनच शक्यता : एक तर त्याने तुम्हाला आवशीच्या खात्यात टाकलंय, नाही तर तो मुद्दाम डिवचतोय. कोणती ते सुरावरून कळेल, शब्दावरून नाही. डिवचत असेल तर तास संपल्यावर, एकट्याला, शांतपणे, ‘शाळेत मला तुम्ही म्हण’ एवढं सांगा. वर्गासमोर सुधारायला गेलात तर त्याला प्रेक्षक मिळाले.

नक्कल तो कशाची करतो? तुम्हीच लिहिलंय : ‘लेकरांनो’ची आणि ‘काय करलालास’ची. बाई, खरं सांगा, तुम्ही त्यांना ‘नीट मराठी बोला’ असं दिवसातून किती वेळा म्हणता? ते तुमच्या बोलीला हसतात आणि तुम्ही त्यांच्या बोलीला चूक म्हणता. यात आधी कोणी सुरू केलं हा वाद न घालता, मागच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा. एका बाजूला लातूरचे शब्द, दुसऱ्या बाजूला मालवणी, मध्ये पुस्तकातले. लेकरं, पोरां, मुले. रोज दोन शब्द. लातूरचे शब्द वाचून दाखवायचं काम त्या मुलाला द्या, कारण तो ते तुमच्या सुरात उत्तम म्हणतो. फक्त हे काम त्याने मस्ती केल्या-केल्या देऊ नका, नाही तर माझा व्हरांडा पुन्हा उभा राहील. चांगल्या गेलेल्या दिवसाच्या शेवटी द्या. दुसऱ्याचा आवाज हुबेहूब पकडणं ही तुमच्या भागात फालतू गोष्ट नाही. दशावतारात लेखी संहितेवाचून रात्रभर बोलणाऱ्यांचा मुलूख आहे तो. त्यावरून आठवलं : कार्तिकानंतर जत्रा सुरू होतात, आणि गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग पहाटेपर्यंत नाटक पाहून आलेला असतो. त्या दिवशी अपूर्णांक काढायची जिद्द धरू नका. रात्रीच्या नाटकातला एक संवाद आठवून लिहायला सांगा. मराठीचा तास आपोआप होईल, आणि आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदीही खऱ्या लिहिता येतील.

हे लाड आहेत असं वाटत असेल, तर कोकणच्याच किनाऱ्यावरचं एक उदाहरण देते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडला. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरांमागे जात होती. ताराबाईंनी मुलांना बेशिस्त ठरवलं नाही. जिथे गुरं चरत होती तिथे शाळा नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. तुम्हाला शाळा किनाऱ्यावर न्यायची नाही. किनारा शाळेत येतो तेव्हा त्याला ओळखायचं, इतकंच.

नियम मात्र हवेत. मऊ बोलणं म्हणजे काहीही चालवून घेणं नव्हे, आणि तुमच्या पत्रात मला तीही गडबड दिसते : सोमवारी सोडून देता, गुरुवारी त्याच गोष्टीवर भडकता. मुलांना कडक शिक्षक चालतो, बेभरवशाचा चालत नाही. नियम तीनच, मुलांना विचारून, त्यांच्याच शब्दांत. ‘एक बोलता तेव्हा बाकीचे आयकतत’ असं मालवणीत लिहिलं तरी चालेल. मोडला तर काय होणार तेही आधी ठरलेलं, लहानसं, आणि दर वेळी होणारं. सांडलं त्याने पुसायचं, राहिलं ते सुट्टीत पाच मिनिटं बसून पुरं करायचं. एकाने केलं म्हणून सगळ्यांची खेळाची सुट्टी रद्द, हे कधीच करू नका. न केलेल्यांच्या मनात जो राग बसतो तो वर्षभर निघत नाही. आणि तो मॉनिटर फळ्यावर बडबडणाऱ्यांची नावं लिहितो, पुढे फुल्या मारतो, तो प्रकार तुमच्याकडे असेल तर आजच बंद करा. माझा त्यावर जुना राग आहे. अकरा वर्षांच्या पोराला आपण हवालदार करतो, तो मित्राचं नाव पुसतो, नावडत्याला चार फुल्या मारतो, आणि आपण परत येऊन त्याच्या पंचनाम्यावर निकाल देतो.

प्रत्यक्ष गडबड झालीच तर आधी बोलू नका. बघा. नाही थांबला तर शिकवणं न थांबवता त्याच्या बाकापाशी जाऊन उभ्या राहा. बहुतेक वेळा इथेच संपतं. नाही संपलं तर वाकून, त्यालाच ऐकू जाईल इतक्या आवाजात, काय करायचं ते सांगा. ‘बडबड बंद कर’ म्हणू नका, ‘तिसरं गणित काढ’ म्हणा. आणि सांगून झालं की तिथून निघून जा. डोक्यावर उभं राहिलं की माघार घेणं त्याला लाजेचं होतं. पाठ वळली की पेन उचलतो. तोही हट्टाला पेटला आणि तुम्हीही पेटलात असं वाटलं तर ‘आपण सुटल्यावर बोलू’ म्हणून सोडा, आणि सुटल्यावर खरंच बोला. विसरलात तर ते वाक्य पुन्हा वापरता येणार नाही. ‘थांब, सरांना बोलावते’ हेही एकदा म्हणून झालं की पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं, आणि दर वेळी वर्गाला कळतं की इथल्या खऱ्या बाई तुम्ही नाही. सरांना बोलवायचंच असेल तर वर्ग छान चाललेला असताना बोलवा आणि मुलांचं काम दाखवा. त्यांनाही बरं वाटेल. व्हरांड्यातूनच भीती घालत फिरणं त्यांना तरी कुठे आवडत असेल.

पालकांचं ‘घाला दोन’ मी शब्दशः घेत नाही. त्यांना म्हणायचं असतं, आमच्या पोराला सोडून देऊ नका. एवढंच त्यांना शाळेच्या भाषेत सांगता येत नाही. ते ज्या शाळेत गेले तिथे काळजी पट्टीनेच दाखवली जायची. त्यांच्याकडे पहिल्यांदा तक्रार घेऊन जाऊ नका. एखादी चांगली गोष्ट घेऊन जा, खरी असलेली. दुसऱ्या फेरीला अडचण सांगा. पालकसभा सकाळी अकराला ठेवून ‘कोणी येत नाहीत’ म्हणू नका. त्या वेळी आया मासळी घेऊन बाजारात असतात. संध्याकाळी, बाजार उरकल्यावर जा. बापूसमाणसं भेटायची तर जूनचा मुहूर्त गाठा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त करत ती घरीच बसलेली असतात, आणि शाळा तर जूनच्या मध्यावर सुरूच होते. वर्षातली सर्वांत चांगली पालकसभा तेव्हा होते. शाळा व्यवस्थापन समितीतही कायद्याने तीन-चतुर्थांश पालकच असतात. न मारण्याचा निर्णय तुमच्या एकटीचा न ठेवता समितीच्या बैठकीत मांडा, इतिवृत्तात येऊ द्या. मग ‘आमच्या वेळचे गुरुजी बरे होते’ असं कोणी म्हणालं तर उत्तर द्यायला चार पालक तुमच्या बाजूने असतील.

राहिली बदली. तिसऱ्या वर्षी गावाची, माणसांची, ज्वारीच्या भाकरीची आठवण येणं याचा तुमच्या शिकवण्याशी काही संबंध नाही. आई-वडील थकलेत, नवरा तिकडे आहे, म्हणून अर्ज भरायचा तर जरूर भरा, मी अडवणारी कोण. पण १९ मुलांना घाबरून भरणार असाल, तर तिकडेही एक जोडवर्ग असेल आणि त्यात एक मागच्या बाकावरचा. आधी तो तीन दिवसांचा कागद करा. जमलं तर मला पाठवा, मुलांची नावं खोडून.

ता. क. — त्या मुलाच्या वडिलांना दोनदा निरोप धाडला, दोन्ही वेळा ‘येतलंय, बघतलंय’ म्हणाले आणि आले नाहीत, असं तुम्ही वैतागून लिहिलंय. बाई, आमच्याकडे ‘बघतलंय’ म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हणणं जड जातं म्हणून तो शब्द आहे. तुम्हीच जा. चहा घेणार का म्हणून विचारतील, तेव्हा नको म्हणू नका.